एल्डरबाईंचा शनिवार

बोरखेडीच्या चर्चची स्मरणिका निघते आहे. मागच्या महिन्यात दोन तरुण मुलं इंदूरला माझ्या छत्रीबागेतल्या घरी आली. एक म्हणाला, "अंकल, एल्डरबाईंवर दोन पानं लिहून द्या ना. त्यांना जवळून बघितलेले आता तुम्हीच उरलात." दुसरा म्हणाला, "थोडं गोड लिहा. मतलब, त्यांची माया, त्यांची सेवा, सबको साथ लेके चलना, असं काहीतरी." मी हो म्हणालो. त्यांना चहा दिला. जाताना त्यांनी कार्यक्रमाची पत्रिका हातात ठेवली. तिच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, सर्व पाहुण्यांसाठी पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या अमुक कंपनीच्या सौजन्याने.

सौजन्याने!

पत्रिकेची मी घडी घातली, परत उघडली, परत घातली. मग ठरवलं, लिहायचंच. त्यांना हवं तसं नाही. छापायचं तर छापतील, नाहीतर भेळेच्या गाडीवर पाठवतील.

गोड म्हणे. एल्डरबाई माझ्या माहितीत एक दिवसही गोड नव्हत्या. त्या रागीट होत्या. डोळे उघडल्यापासून रागात असायच्या, आणि त्यांचा राग भलत्याच माणसावर निघालेला मी कधी पाहिला नाही. माणूस गेला की त्याला मऊ करून टाकायची आपल्याकडे जी पद्धत आहे, तिची मला आता चीड येते. मऊ माणूस सोयीचा असतो. फोटोला हार घातला की तो गप्प बसतो.

बाईंचं नाव एस्तेर. आडनाव सांगत नाही, त्यांचे पुतणे अजून शहरात नोकऱ्या करतात. चरित्र म्हणाल तर मलाही धड माहीत नाही. नगरकडून लग्न होऊन माळव्यात आल्या, नवरा लवकर गेला, चर्चच्या शाळेत चार यत्ता शिकवायच्या. बाई माणूस एल्डर, म्हणजे मंडळीने निवडलेला वडीलधारा कारभारी, होणं तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. पण बोरखेडीत अख्ख्या मंडळीने हात वर करून त्यांना निवडलं, कारण हात वर न करणाऱ्याला पुढे तोंड दाखवायला जागा उरली नसती. पांढरं पातळ, लांब बाह्यांचं पोलकं, पायात टायरच्या पुरुषी चपला, आणि उन्हाळा असो की हिवाळा, काखेत काळी छत्री. दात मशेरीने काळेभोर. एकदा कुणा पाळकाने भीत भीत सुचवलं की बाई, एल्डरला मशेरी शोभत नाही. बाई म्हणाल्या, "पाप असेल. पण माझं आहे. तुमच्या दातांना लावायला आले का मी?"

इंदूरहून धारच्या रस्त्याला बेटम्याच्या पुढे उतरून काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्याने चाललं की बोरखेडी लागतं. चर्च म्हणजे काय, दगडी जोतं, वर कवेलूंचं छप्पर, आत दरी, म्हणजे लांबरुंद सतरंजी, अंथरलेली, आणि दाराशी एक घंटा. मागे चिंच आणि चिंचेखाली विहीर. कॅनडाहून आलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांपैकी एक पाद्रीसाहेब दुष्काळात तिथे येऊन राहिला, आणि त्याच्याबरोबर आलेला मराठी उपदेशक म्हणजे माझे आजोबा. दोघांनी चर्चच्या आधी विहीर खणली. गावात पाण्याच्या वाटा जातीवर ठरलेल्या होत्या, आणि ज्यांच्या वाट्याला काहीच नव्हतं त्यांनी त्या उन्हाळ्यात ओढ्याच्या वाळूत खड्डे करून वाटी वाटी पाणी उपसलं होतं. पाद्रीसाहेबाने विहिरीचा एकच नियम केला, जो येईल तो भरेल. कोण, कुठला, कुणाचा, हे विचारायचं नाही. मिशन मिशन म्हणतात ते बोरखेडीपुरतं एवढंच होतं. शाळा, औषधांची पेटी, प्रार्थना, सगळं नंतर त्या विहिरीभोवती उगवलं.

हा इतिहास बाई आम्हाला रविवारच्या शाळेत सांगायच्या, पण त्यांच्या पद्धतीने. "साहेब आला, त्याला ऊन लागलं, साहेब गेला. विहीर राहिली. तेव्हा साहेबाचे पवाडे गाऊ नका. आणि सुधाकऱ्या, तू पण आज्याचे गाऊ नको. त्याने खणली. तू काय केलंस?" मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. मी काय करणार होतो? पण बाईंना वयाशी घेणंदेणं नसे.

आता त्यांचा शनिवार.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, वर्षातून चारदा व्हायचा. जुन्या प्रेस्बिटेरियन पद्धतीत त्याच्या आधी एल्डर घरोघर जाऊन शिक्के वाटायचा. शिशाचे, पावलीएवढे, एका बाजूला गावाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि दुसरी बाजू कोरी. रविवारी शिक्का थाळीत टाकायचा, मग भाकर आणि प्याला. शिक्का नसेल त्याने मागे बसायचं. बाकी सगळीकडे ही रीत कधीच बुडाली होती. शहरातले पाळक तिला हसायचे. बोरखेडीत ती बाईंनी जिवंत ठेवली होती, कारण बाईंना शिक्क्याशी कर्तव्य नव्हतं, शिक्का देण्याआधीच्या प्रश्नाशी होतं.

आदल्या शनिवारी बाई निघायच्या त्या सगळ्यात लांबच्या घरापासून. ते घर आमचं. वडिलांना कापडाच्या मिलमध्ये कारकुनी मिळाल्यापासून आम्ही छत्रीबागेत राहत होतो, पण मंडळी बोरखेडीचीच. बाई पहाटेच्या गाडीने यायच्या. नदीवरच्या पुलावरून काळी छत्री येताना दिसली की आई पदराने ओटा पुसायला लागायची. "सलाम!" अशी आरोळी ठोकत बाई गल्लीत शिरायच्या. शेजारच्या जोशीकाकूंनाही सलाम, समोरच्या शिंप्यालाही सलाम. आत येऊन बसायच्या. चहा पुढे केला तर हाताने थांबवायच्या. "आधी प्रश्न, मग चहा."

प्रश्न एकच. "कुणाशी वैर आहे का?"

नाही म्हटलं की कमरेच्या बटव्यातून शिक्का निघायचा. हो म्हटलं तर बाई उठायच्या आणि छत्री उचलून म्हणायच्या, "चल." कुठे? तर ज्याच्याशी वैर त्याच्या घरी. आत्ता. एकदा आई चुकून बोलून गेली की जोशीकाकूंशी पापड वाळत घालण्यावरून बोलणं बंद आहे. बाईंनी तिला तशीच, हाताला कणीक लागलेली, शेजारी नेऊन उभी केली. जोशीकाकू घाबरून म्हणाल्या, "अहो, मी तुमच्या चर्चची नाही." बाई म्हणाल्या, "वैर करायला चर्चचं असावं लागतं का? मग मिटवायलाही लागत नाही." दोघी हसायला लागल्या. पापड एकाच खाटेवर वाळू लागले.

मिटलंच पाहिजे असं नव्हतं. गेलं पाहिजे असं होतं. समोरच्याने दार लावून घेतलं तरी चालेल, पण तुम्ही त्याच्या दारात उभं राहून यायचं. मग शिक्का.

पाळकांनाही सुट्टी नव्हती. एकदा शहरातून एक नवे पाळक प्रभुभोजन द्यायला आले. इस्त्रीचा झगा, हातात ब्रीफकेस. बाईंनी दारातच विचारलं, "कुणाशी वैर आहे का?" ते हसून म्हणाले, "बाई, हे मी मंडळीला विचारायचं." बाई म्हणाल्या, "तुमच्या मिसेस मला काल बाजारात भेटल्या. आठवडा झाला तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही." पाळकसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मंडळी दरीवर बसलेली, भाकर कापडाखाली झाकलेली, आणि पाळकसाहेब कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून बेटम्याला एसटीडी बूथवरून बायकोला फोन करायला गेले. तासाभराने आले. बाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या?" ते खाली मान घालून म्हणाले, "म्हणाली, येताना भाजी आणा." बाईंनी त्यांच्या हातावर शिक्का ठेवला.

हे झाले गमतीचे दिवस. मग मिल बंद पडली.

मी तोपर्यंत वडिलांच्या जागी चिकटलो होतो, टाइम ऑफिसात. कामगार गेटवर पितळी बिल्ला दाखवायचा, मी नंबर टिपायचो. एक दिवस भोंगा वाजला नाही. आधी महिनाभर म्हणाले, मग कोर्टातून निकाल येईपर्यंत म्हणाले, मग म्हणायचंही थांबले. टीव्हीवर माणसं सांगत होती की देश आता खुला झाला आहे. आमच्यासाठी एक गेट होतं, ते बंद झालं होतं. साचेवाले, तेलवाले, बॉयलरवाले, इंदूरच्याच लालबागच्या मेळ्यात फुगे आणि चष्मे विकताना दिसू लागले. ओळख देत नसत. मीही देत नसे.

बोरखेडीकडची बरीच माणसं मिलमध्ये होती. ती बायकापोरांसह गावी परतली. चर्चची दरी अपुरी पडू लागली आणि बाईंचे शिक्केही. शिशाचे नवे कोण ओतणार? बाईंनी परत आलेल्यांना सांगितलं, "तुमचे बिल्ले आणा." पितळी बिल्ल्यांचा ढीग झाला. त्या तिमाहीला शहराहून आलेल्या पाळकाने थाळीत मिलचा बिल्ला पाहून कपाळाला आठ्या घातल्या. बाई सगळ्यांसमोर कडाडल्या, "हा दाखवून माणसं ज्या गेटातून आत जायची ते गेट मालकाने लावून घेतलं. इथलं उघडं आहे. तुम्हाला काही अडचण?"

नव्हती.

पण खरी अडचण शनिवारी आली. बाईंनी प्रश्न विचारला आणि घराघरातून उत्तर आलं, "आहे. मिलच्या शेठशी आहे." कुणी चिडून म्हणालं, कुणी टिंगल करत म्हणालं, की बघू बाई आता काय करतात. बाईंनी काय करावं? त्या छत्री घेऊन उठल्या. म्हणाल्या, "चला."

पाच-सात जणांना घेऊन त्या धार रोडच्या बसने इंदूरला आल्या आणि सरळ माझ्या दारात. "सुधाकर, शेठचा बंगला तुला माहीत आहे. दाखव." मी दाखवला. गेटापर्यंत मात्र गेलो नाही. समोरच्या फुटपाथवर एका पानाच्या टपरीआड उभा राहिलो. मला आशा होती की मिल परत सुरू झाली तर ऑफिसवाल्यांना आधी बोलावतील. ही आशा किती हलकट असते, ते ज्याने केली त्यालाच कळतं.

चौकीदार म्हणाला, "अम्मा, शेठ बिझी हैं."

"मग बसतो."

"यहाँ नहीं बैठ सकते, अम्मा."

"तुझं घर आहे का हे? नाही ना? तुझा पण पगार थकला असेल. बस तू पण."

चौकीदार हसला आणि खरंच स्टुलावर टेकला. ती माणसं फाटकासमोर रांगेत उकिडवी बसली. दुपारी फडक्यात बांधलेली भाकरी सोडून खाल्ली. सावली या भिंतीवरून त्या भिंतीवर गेली. मग बंगल्याच्या मागच्या फाटकातून गाडी निघून गेल्याचा आवाज आला. बाई उठल्या, पातळ झटकलं आणि चौकीदाराला म्हणाल्या, "सांग तुझ्या शेठला. आम्ही आलो होतो." मग माणसांकडे वळल्या. "चला. आपण आलो, तो भेटला नाही. आता वैर त्याच्या घरी. आपल्या घरी नाही." आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, एकेकाच्या हातावर बिल्ले ठेवले. त्यातला एक दाढीवाला साचेवाला, ज्याला मी कधी हसताना पाहिलं नव्हतं, तो रडत होता.

मी टपरीआड उभा होतो. मला त्या दिवशी त्यांनी शिक्का घरी येऊन दिला. "तू का नाही आलास गेटापर्यंत?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "बाई, पायात गोळा आला होता." त्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या.

त्यानंतर दोनेक वर्षांत मी बोरखेडीचा एल्डर झालो. शिकलेला, टायपिंग येणारा, सेक्रेटरी म्हणून सोयीचा. तीन एल्डर: बाई, मी, आणि गावचे धन्ना बा, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं. त्याच सुमारास पीथमपूरकडे कारखाने वाढले होते, रस्ता रुंद झाला होता, आणि बेटम्याच्या आजूबाजूच्या जमिनीकडे माणसं गाडीच्या काचा खाली करून बघायला लागली होती. एकाने आमची विहीर पाहिली. मे महिन्यातही न आटणारी. त्याला तिथे बाटलीबंद पाण्याचा कारखाना टाकायचा होता.

जमीन कागदावर शहरातल्या एका कमिटीच्या ताब्यात होती. त्या कमिटीबद्दल मला जे वाटतं ते स्मरणिकेत छापता येणार नाही. पण गावच्या तीनपैकी दोन एल्डरांच्या संमतीशिवाय त्यांना हात लावता येत नव्हता. गोलू नावाचा दलाल माझ्याकडे यायला लागला. "अरे भिया, टेन्शन मत लो. चर्च को कौन छू रिया है? पीछे की खाली जमीन है. और गाँव के लिए दीवार के बाहर नल देंगे, चोबीस घंटे. आपको सुपरवायझर रख लेंगे, पढ़े-लिखे आदमी हो." नलिनी, माझी बायको, तेव्हा दिवसभर शिकवण्या करायची. मी दिवसभर घरी बसून शिकवण्या ऐकायचो.

ही झाली सबब. लोक सबबीला परिस्थिती म्हणतात. परिस्थिती बोरखेडीतल्या प्रत्येक घरावर होती, आणि त्यांनी काही विकलं नव्हतं.

बाईंसमोर हा विषय निघाला असता तर छत्रीच मोडली असती माझ्या पाठीत. धन्ना बाही त्यांच्याकडे बघून नाही म्हणाले असते. म्हणून मी बैठक लावली ती प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी. शहरात, कमिटीच्या ऑफिसात, दुपारी. मला माहीत होतं की आकाश कोसळलं तरी बाई शनिवारची फेरी मोडणार नाहीत. त्यांची सगळ्यात चांगली गोष्ट मी त्यांच्याविरुद्ध वापरली. बाकी काही म्हणा, हे मला एकट्याला सुचलं. गोलूला नाही सुचलं.

आणि त्या शनिवारी सकाळी त्या नेहमीप्रमाणे आधी माझ्याच घरी आल्या. सलाम, ओटा, आधी प्रश्न.

"कुणाशी वैर आहे का, सुधाकर?"

"नाही, बाई."

शिक्का माझ्या हातावर ठेवला. चहा घेतला. साखर जास्त झाली म्हणून नलिनीला रागावल्या. छत्री घेऊन पुलाकडे गेल्या, उरलेली घरं करायला. दुपारी मी आणि धन्ना बा कमिटीच्या पंख्याखाली बसलो. धन्ना बांनी मला तीनदा विचारलं, "सुधाकर भई, पाणी तो मिलेगो नी?" मी तिन्ही वेळा म्हणालो, मिळेल, भिंतीबाहेर नळ आहे. ते म्हणाले, "थें को हो तो लगई दूँ अँगूठो." मी म्हणतो म्हणून त्यांनी अंगठा लावला. मी सही केली. दुसऱ्या दिवशी बोरखेडीत शिक्का थाळीत टाकला, भाकर खाल्ली, प्याला घेतला. बाई पहिल्या रांगेत बेसूर गात होत्या. त्यांना अजून काही माहीत नव्हतं.

भिंत आली तेव्हा कळलं.

नळ दिला होता, हे कंपनीच्या वतीने सांगायला हवं. पहिल्या उन्हाळ्यात त्याची धार करंगळीएवढी झाली. दुसऱ्या उन्हाळ्यात गळती होते म्हणून काढून टाकला. मग टँकर. ज्या विहिरीचा नियम होता की जो येईल तो भरेल, तिच्याभोवती काचा लावलेली भिंत, आणि भिंतीत गेट, आणि गेटावर कोण? मी. पुन्हा गेट, पुन्हा नंबर. बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत भिंतीच्या सावलीत बसायच्या, आणि आत पाणी बाटल्यांत पडत असल्याचा आवाज त्यांना ऐकू यायचा. माझ्याशी कुणी भांडलं नाही. माझ्याकडे बघणं बंद केलं. आता त्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याला बाटलीचं सील फोडतात. मी पाहिलं आहे. आणि पत्रिकेवर सौजन्य छापतात.

पुढच्या तिमाहीला मला वाटलं, बाई आमच्याकडे येणार नाहीत. आल्या. तोच सलाम, तोच आवाज. ओट्यावरून आत येऊन बसल्या. नलिनीने पाणी आणलं. बाईंनी ग्लासाकडे पाहिलं.

"कुठलं?"

"नळाचं, बाई."

"मग दे."

प्यायल्या. माझ्याकडे वळल्या. मी तयारी केली होती. आयुष्यभर त्यांचा राग पाहिला होता, वाटलं आता माझी पाळी. उलट मला तो हवाच होता. त्या ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो, पोट, पगार, घर, सगळं तोंडावर फेकलं असतं. त्या ओरडल्या नाहीत.

"कुणाशी वैर आहे का, सुधाकर?"

हो म्हणायचं होतं. तेवढंच पुरे होतं. हो, तुमच्याशी आहे, धन्ना बांशी आहे, हंडा घेऊन बसलेल्या प्रत्येक बाईशी आहे. पण हो म्हटलं की त्या उठणार, छत्री उचलणार, आणि म्हणणार, चल. आणि मला एकेका दारात जाऊन उभं राहावं लागणार. आणि त्यानंतर सोमवारी गेटावर बसता येणार नाही.

"नाही, बाई."

"बरं."

नलिनीला शिक्का दिला. आईला दिला. बटव्याची नाडी ओढली आणि उठल्या. चहा घेतला नाही.

धन्ना बांचं मला नंतर कळलं. त्यांना बाईंनी विचारलं तेव्हा म्हातारा म्हणाला, "है बाई. थारे से है. म्हने अँगूठो लगायो." बाईंनी त्यांचा हात धरला. दोघं भिंतीपर्यंत चालत गेली, भिंतीला हात लावून उभी राहिली, परत आली. धन्ना बांना शिक्का मिळाला. इतकं सोपं होतं ते. इतकं सोपं होतं म्हणूनच मला जमलं नाही.

त्यानंतर बाई दर तिमाहीला येत राहिल्या. वर्षं गेली. आई गेली. बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला, छत्रीची काठी झाली. बसमधून उतरताना कंडक्टर हात द्यायचा, त्यालाही सलाम. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, प्रत्येक वेळी माझं तेच उत्तर. नलिनी एकदा रात्रीच्या जेवणाला भाकरी वाढताना म्हणाली, "एकदा हो म्हटलं तर काय होईल हो?" मी ताट सरकवून उठलो. ती त्या म्हातारीसारखी दर तीन महिन्यांनी विचारणारी नव्हती. तिने परत कधी विचारलं नाही, आणि तेही मी विसरलेलो नाही.

मंडळीत मी मागे बसायचो. पुढे पुढे तेही सोडलं. बाईंनी कुणाला कधी सांगितलं नाही की याला शिक्का का मिळत नाही. पोरांना वाटायचं, अंकल तत्त्वाचे आहेत. म्हणूनच तर आता माझ्याकडून गोड दोन पानं हवी आहेत.

शेवटच्या वेळी बाईंना मी पाहिलं ते माडीच्या खिडकीतून. वैशाखातला शनिवार होता. पुलावर छत्री दिसली, आणि मला एकाएकी त्या सगळ्याचा असा संताप आला, त्यांच्या येण्याचा, त्यांच्या त्या एका प्रश्नाचा, त्यांच्या न थकण्याचा, की मी नलिनीला म्हणालो, सांग, घरी नाहीत. आणि वर जाऊन खिडकीच्या दाराआड उभा राहिलो. टपरीआड राहिलो होतो तसाच.

सलामची आरोळी आली नाही. तेवढा दम उरला नव्हता. बाई आत आल्याच नाहीत, खाली पायरीवर बसल्या. नलिनीने पाणी दिलं. त्यांनी विचारलं नाही कुठलं, प्यायल्या. नलिनी म्हणाली, "ते घरी नाहीत, बाई." बाईंनी तिला प्रश्न विचारला. ती काय म्हणाली मला ऐकू आलं नाही, पण ती पदराने डोळे पुसत होती. बाईंनी बटवा सोडला आणि तिच्या हातावर शिक्का ठेवला. मग आणखी एक काढला. पितळी होता, उन्हात चमकला. तो बराच वेळ तळहातावर धरून बसल्या, आणि परत बटव्यात टाकला. नाडी आवळायला बोटं वळत नव्हती, ती नलिनीने आवळून दिली.

उठल्या. छत्रीवर भार देऊन दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. वर बघितलं नाही. मी वर आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

"नलिनी," त्या म्हणाल्या, "सांग त्याला. मी आले होते."

मग छत्री उघडली आणि गल्लीतून पुलाकडे निघाल्या.